गाईनं खाल्लेली छावणी

माझ्या गोष्टीचा पहिला खर्डा संपादकांनी परत पाठवला आणि दुसरा मावशींच्या गाईनं खाल्ला. पहिल्या वेळी मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. दुसऱ्या वेळी गाय पोटभर जेवली, एवढाच काय तो फरक.

आता नीट सांगतो. त्या साली आमच्याकडं पाऊस आलाच नाही असं नाही. आला होता, पण घाईतल्या पाव्हण्यासारखा, चहा न घेता गेला. नेकनूरच्या अलीकडं आमची वाडी. दिवाळी झाली तशा कडब्याच्या गंजी खाली बसायला लागल्या. विहिरीत वाकून हाक मारली तर विहीर अख्खं वाक्य परत म्हणून दाखवायची, इतकी रिकामी. मला लहानपणापासून नकलांचा नाद, त्यामुळं मला ती विहीर लई आवडायची. आसपासच्या गावांत माझ्या तोडीची नक्कल करणारं तेवढं एकच.

पौषात आमच्या घरात वैरण पुरेना म्हणून बैलजोडीतला एक बैल नेकनूरच्या बाजारात विकला. त्या दिवशी मी नोकरीच्या परीक्षेच्या फॉर्मचं निमित्त काढून बीडला गेलतो. फॉर्मची तारीख कवाच संपलती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. संध्याकाळी आलो तर गोठ्यात एक बैल आणि एक म्हैस, आणि मी सरळ आत जाऊन जेवायला बसलो.

त्यानंतर महिनाभरानं आमच्या दूध संस्थेनं माळावर जनावरांची छावणी काढली. संस्थेचा हिशोब साधा होता, जनावरं जगली तर दूध आणि दूध असलं तर संस्था. आठ-दहा गावांची जनावरं आली. वर हिरवी नेट, खाली खुंट्यांच्या रांगा, मधी पाण्याचा हौद, कोपऱ्यात सेक्रेटरींची पत्र्याची खोली आणि तिच्यावर कर्णा. कपिलधारचा धबधबा त्या साली नुसता दगड दाखवत उभा होता, म्हणून तिथं फोटो काढायला जाणारी मंडळी छावणीत येऊन म्हशींबरोबर फोटो काढायची. म्हशींनी पण कधी नाही म्हटलं नाही.

चारा संस्था देणार, पण जनावरांपाशी घरचं माणूस राहायला पायजे, अशी अट होती. आमच्या घरातून कोण जाणार यावर चर्चाच झाली नाही. सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं.

त्यांचं पण चुकत नव्हतं. बी.ए. होऊन वर्ष झालं होतं. मला दोन नाद होते आणि दोन्ही मिळून घरात मूठभर ज्वारी येत नव्हती. एक गोष्टी लिहायचा आणि दुसरा बारक्या वस्तू करायचा. ज्वारीचं धाट सोललं की आतून पांढरा, हलका गर निघतो. आमच्याकडं लहानपणी सगळेच त्याच्या बैलगाड्या करतात आणि मिसरूड फुटलं की सोडून देतात. मी सोडायचं विसरलो.

जोडीला माझे चुलते आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आप्पांच्या हातचं असल्याशिवाय आमचा बैल वैरणीला तोंड लावत नाही, म्हणून खरं तर छावणीत आप्पा गेले. मी त्यांच्या सामानात गेलो.

माझे हे दोन नाद एकमेकांना कसे चिकटले ते सांगायला पायजे. आधी मी गोष्टी नुसत्या कानानं लिहायचो. कोण कसं बोलतं ते माझ्या डोक्यात पक्कं असतं. आमचे सेक्रेटरी दर वाक्यात दोनदा ‘सदर’ म्हणतात. आप्पा बोलायच्या आधी एकदा घसा खाकरतात आणि ऐकणारा सावध झाला की बोलतच नाहीत. हे सगळं मला जमायचं. पण बीडच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी एक गोष्ट परत पाठवली आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘तुमची म्हातारी पहिल्या पानावर ओट्यावर बसली आहे. तिसऱ्या पानावर ती चुलीपुढं आहे. मधल्या वेळात ती उठलेली नाही.’

मी वाचून बघितलं. खरंच उठली नव्हती.

तेव्हापासून मी आधी घर करतो आणि मग गोष्ट लिहितो. काडेपेटीएवढा ओटा, टोपणाएवढी चूल, बोटभर म्हातारी. म्हातारीला ओट्यावरून चुलीपर्यंत बोटानं चालवत न्यायचं, मग कळतं की मधी उंबरा हाय, तिला वाकावं लागतंय, आणि वाकल्यावर ती काहीतरी बोलणार. लोकांना वाटतं पोरगं खेळत बसलंय. खेळतच असतो, पण ती म्हातारी काय बोलते ते पण ऐकत असतो.

छावणीत आमच्या रांगेला आधी म्हैस, मग बैल, मग एका जनावराएवढी मोकळी जागा आणि तिच्या पलीकडं मावशींची गाय. मावशी, म्हणजे सगळ्या छावणीच्याच मावशी, मूळच्या आमच्याच बाजूच्या, दिल्या होत्या तिकडं चकलांब्याला. तिकडं वैरण संपली तशी त्या गाय घेऊन माहेरी आल्या. गाय घेऊन माहेरपणाला आलेली पहिली बाई म्हणून आप्पा त्यांना चिडवायचे. आणि त्या मोकळ्या जागेवरून दोघांचं रोज सकाळी, वैरण वाटून झाली की, भांडण व्हायचं.

“ओ भाऊ, माझी गाय अर्दी उन्हात हाय. ही जागा कावून आडवून धरली?”

“मोकळी न्हाई ती.”

“मंग कोन हाय तितं? मला तर कुनी दिसंना.”

“तुमाला चष्मा लागलाय बाई.”

“चष्मा लावा तुमच्या बैलाला. त्याला म्हनावं जरा सरक तिकडं.”

“त्यो सरकत न्हाई. डाव्या अंगाचा हाय त्यो.”

“आन माझी गाय काय उजव्या पक्षाची हाय व्हय?”

रांगेतले सगळे तंबाखू मळत ऐकायचे. माझी तर चंगळ होती. मी दोघांचे आवाज उचलले, मावशींचं कंबरेवर हात ठेवून ‘ओ भाऊ’ म्हणणं उचललं, आप्पांचं ते खाकरणं उचललं. त्या मोकळ्या जागेतून जाता-येता मला रोज कशाची तरी ठेच लागायची. दगड असेल म्हणून मी दगडाला शिवी द्यायचो आणि पुढं जायचो. एवढी नजर असलेला लेखक मी.

पंधरा दिवसांत मी त्या भांडणाची गोष्ट लिहिली. छावणीत वाचून दाखवली, सगळ्या आवाजांत. एक जण हसून हसून हौदाला टेकला. मावशी म्हणाल्या, “मी काय एवडी किरकिरी हाय व्हय रं?” आणि हे वाक्य त्यांनी इतक्या किरकिऱ्या आवाजात म्हटलं की परत हशा झाला. मी गोष्ट बीडला पाठवून दिली आणि मनातल्या मनात सत्कार घेऊन ठेवला.

ज्येष्ठ लागला तशी गोष्ट परत आली. खाली पेन्सिल होतीच.

‘बोलणं झकास, ऐकू येतं. पण हे भांडण कशासाठी आहे हे तुमच्या माणसांना माहीत आहे, तुम्हाला नाही. शोधा. आषाढ संपेपर्यंत अंकात तुमच्यासाठी एक जागा धरून ठेवतो. नंतर नाही.’

तोवर माझी एकही गोष्ट अंकात छापून आली नव्हती. एका रविवार पुरवणीत एक आलती, पण ती खालून अर्धी कापून, त्यामुळं तिच्यात खून झाला आणि कुणी केला ते जाहिरातीखाली गेलं. इथं एक माणूस मला जागा धरून बसला होता, आणि मला फक्त एवढंच शोधायचं होतं की आप्पा त्या रिकाम्या जागेसाठी का भांडतात. आप्पा माझ्याच बाजेवर झोपत होते. विचारलं की झालं.

“आप्पा, ती जागा कावून सोडली आपन?”

आप्पांनी घसा खाकरला. मी वही काढली.

“हवा यायला,” आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परत विचारलं. “आप्पा, खरं सांगा की.”

“तुज्या लग्नाचा मांडव घालायचाय तितं.”

तिसऱ्या दिवशी त्यांनी मलाच विचारलं, “तू कावून इचारतो? बाईनं फितवलं का काय तुला?”

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला नाही कळलं. मी लेखक होतो ना.

मग मी माझ्या नेहमीच्या रस्त्याला लागलो. म्हटलं, अख्खी छावणीच करू. बोटानं माणसं फिरवली की कळेल कोण कशासाठी भांडतंय ते. सेक्रेटरींच्या खोलीत संस्थेचा जुना कॅरम बोर्ड पडला होता, तो मागून आणला. जनावरं खाऊन झाल्यावर दावणीत धाटांचे जाड बुडखे उरतात, त्याला आम्ही चघळ म्हणतो. ती गोळा करायला लागलो. सेक्रेटरींनी लगेच पकडलं.

“सदर वैरण जनावराची हाय. सदर वैरणीची खेळणी करता येत न्हाईत.”

“साहेब, जनावरानं टाकलेली हाय.”

“टाकलेली हाय याचा पुरावा?”

मी एक धाट त्यांच्या नाकापुढं धरलं. त्यावर म्हशीची लाळ होती. पुरावा मंजूर झाला.

तीन आठवडे लागले. टॉर्चचा संपलेला सेल म्हणजे टँकर, त्याला शर्टाच्या बटणांची चाकं. जनावरांच्या डॉक्टरांकडून इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं आणली, ते पाण्याचे ड्रम. काडेपेटीच्या काड्या म्हणजे खुंटे, पोत्याचा दोरा म्हणजे दावं. वाळकं धोत्र्याचं फूल खोलीवर बसवलं तर हुबेहूब कर्णा. जनावरं सगळी धाटाच्या गराची, शिंगाला बाभळीचे काटे. आमची म्हैस तेवढी बूट पॉलिशनं काळी केली. सगळं चिकटवायला कणकेची खळ शिजवली आणि पकड चांगली यावी म्हणून तिच्यात गूळ टाकला.

हा गूळ लक्षात ठेवा.

बोर्डावर जागा कमी पडली तेव्हा आमच्या बैलाच्या उजवीकडची ती मोकळी जागा मी काढून टाकली आणि मावशींची गाय बैलाला चिकटवून उभी केली. दिसायला पण नीटनेटकं दिसत होतं.

छावणी बघायला सगळे आले आणि तक्रारी सुरू झाल्या. एकाची म्हैस मरतुकडी झालती. एकाच्या बैलाची शिंगं उलटी लागलती. सेक्रेटरी म्हणाले, सदर खोलीला खिडक्या दोन हायेत, तू एकच केली. मावशी मात्र खुश. “बगा भाऊ, हितं कशी बसली माजी गाय सावलीला! ह्या पोराला कळतं, तुमाला कळंना.”

आप्पांनी बोर्ड एकदा बघितला. खाकरले. बैलाची बादली उचलून हौदाकडं गेले. मला वाटलं, आवडलेलं दिसतंय.

त्यानंतर चारेक दिवसांची गोष्ट. दुपारची वेळ, सगळी छावणी आडवी झालेली. बोर्ड आमच्या बाजेवर ठेवून मी पेन आणायला म्हणून गेलो आणि टँकरच्या सावलीत डोळा लागला. मावशींच्या गाईचं दावं सुटलं. गाय निवांत ती मोकळी जागा ओलांडून आली आणि बाजेपाशी उभी राहून जेवायला लागली. मी आलो तेव्हा ती शेवटची रांग खात होती. धाटं खाल्ली, कणीक खाल्ली, गूळ चाटून पुसून खाल्ला. बाभळीचे काटे मात्र आपण बोराच्या आठोळ्या काढतो तसे तोंडातून बाजूला काढले होते. सेल, बटणं, बुचं, धोत्र्याचं फूल जागच्या जागी. आणि सगळ्या माळावर एकटी आमची म्हैस उभी. बूट पॉलिश तिला आवडलं नसावं.

मी जो ओरडलो त्यानं रांगच्या रांग उठून बसली.

“आगं बाई, माज्या गाईनं काय खाल्लं?” मावशी पळत आल्या.

“छावनी,” आप्पा म्हणाले.

“आन तिला काय झालं म्हंजी?”

“तिला काय व्हतंय? कडबा, कनीक आन गूळ. आमी देतो त्याच्यापरीस चांगलं जेवली ती.” मग माझ्याकडं वळून, “गड्या, तू गुळाची पेंड करून गाईम्होरं ठिवली आन तिला म्हनतो वाच.”

डॉक्टरांनी गाय बघितली, तिचं पोट थोपटलं आणि तिला काही होत नाही म्हणून सांगितलं. माझं पोट कुणी थोपटलं नाही. आषाढ सुरू होऊन आठ दिवस झाले होते. तीन आठवड्यांचं काम परत करायला वेळ नव्हता, आणि गोष्टीत ते भांडण अजून तसंच, बिनकारणाचं.

मी रागारागानं सेक्रेटरींच्या खोलीकडं गेलो. खरं तर त्यांना सांगायलाच गेलतो. ते हौदावर टँकरवाल्याशी हुज्जत घालत होते. खोली उघडी. माईक समोर. पुढचं माझ्या घशानं केलं, मी नाही.

“सर्व पशुपालक बंधू-भगिनींना सूचित करण्यात येते की, आज दुपारी सदर छावणी सदर गाईनं खाल्लेली आहे. तरी प्रत्येकानं आपापलं जनावर, खुंटा व दावं आहे तसं स्वतः तयार करून, सदर कॅरम बोर्डावर, संध्याकाळच्या दुधाच्या आत आणून ठेवावं. ज्यांच्या तक्रारी होत्या त्यांनी तर आणावंच. कसूर झाल्यास सदर संस्था जबाबदार राहणार नाही.”

मला वाटलं लोक हसतील. पण कर्ण्यावरून ‘सदर’ आलं म्हणजे ते संस्थेचं, आणि संस्थेचं म्हणजे उद्याच्या वैरणीशी त्याचा काहीतरी संबंध असणार, असा सगळ्यांचा पक्का समज. तासाभरात माणसं धाटं सोलायला बसली. ज्यांनी तीस-तीस वर्षांपूर्वी हे काम सोडलं होतं त्यांचे हात आपोआप चालायला लागले. “आरं, असं न्हाई, उभं चिर,” “गर तुटला की तुजा,” अशी एकमेकांना शिकवणी सुरू झाली.

सेक्रेटरी हौदावरून परत आले तर रांगेत चाळीस माणसं मान खाली घालून बैल करत बसलेली. त्यांनी पहिल्यालाच विचारलं, “हे काय चाललंय?”

“तुमीच सांगितलं की, सायेब.”

“मी कवा?”

“आत्ता की. सदर सदर म्हनून.”

त्यांनी शोधून मला बरोबर हुडकलं. मी कान पुढं केला. त्यांनी तो धरला, जरा विचार केला आणि सोडला.

“सदर खोली कोण करणार हाय?”

“ज्यानं त्यानं आपापली करायची ठरलंय, साहेब.”

ते गेले आणि रबरी शिक्क्याच्या रिकाम्या खोक्याची खोली करून घेऊन आले. तिला तीन खिडक्या होत्या. एक त्यांनी मनानं वाढवली होती.

संध्याकाळपर्यंत बोर्ड भरला. प्रत्येकाचं जनावर शेजाऱ्याच्या जनावरापेक्षा बोटभर मोठं. एकाचा बैल तर टँकरहून उंच. मावशींनी पैंजणातलं एक घुंगरू काढून गाईच्या गळ्यात बांधलं होतं. मी फक्त जागा दाखवत होतो. आणि मला कधी न सुचलेल्या बारीक गोष्टी बोर्डावर येत होत्या. कुणाच्या म्हशीच्या एका कानाला बिल्ला नव्हता, कारण ती तो रोज उपटून टाकायची. कुणी खुंट्याला लाल दोरा गुंडाळलेला, घरच्या बाईनं नजर लागू नये म्हणून बांधलेला तसाच. बोलणं ऐकायच्या नादात मी यातलं काही बघितलंच नव्हतं.

आप्पा सगळ्यात शेवटी आले. बाजेच्या कडेला बसून त्यांनी विळ्यानं बाभळीची फांदी तासली आणि तीन खुंटे केले. म्हशीपाशी एक ठोकला. बैलापाशी एक. मग बैलाच्या उजवीकडं जागा सोडून तिसरा.

“आप्पा, आपली जनावरं दोन हायेत.”

“मला मोजता येतं.”

“मंग ह्यो तिसरा?”

“तितं हाय म्हनून हितं केला. तूच म्हनला ना, हाय तसं करा.”

“तितं कुठं हाय?”

“जाऊन बग.”

मी उठून आमच्या रांगेला गेलो. म्हशीचा खुंटा, बैलाचा खुंटा, पुढं ती मोकळी जागा. खाली अंथरलेलं उसाचं पाचट बाजूला केलं. रोज मला ठेच लागायची तो दगड नव्हताच. चांगला तासलेला, जमिनीलगत ठोकलेला खुंटा होता, आणि त्याला नवं दावं गुंडाळून ठेवलेलं. त्या दाव्याला कधी कुठलंच जनावर बांधलेलं नव्हतं. बैल माझ्याकडं बघत होता. जोडीत हा कायम डावीकडं चालायचा. आयुष्यभर त्याच्या उजव्या अंगाला दुसरा होता.

परत आलो. कधी नाही ते मला कुणाचाच आवाज सुचेना.

आप्पा खाकरले, आणि या वेळी बोलले. “छावनी महिनाभर आदी निगाली असती तर त्यो तितं हुबा ऱ्हायला असता. दम धरला न्हाई आपन. आता निदान जागा तरी धरावी म्हनलं. एस्टीत रुमाल टाकत्यात का न्हाई, तसं.”

मावशी बोर्डापाशीच होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. वाकून त्यांनी आपली घुंगरूवाली गाय उचलली आणि बोटभर पलीकडं सरकवून ठेवली. मग पदर खोचत मला म्हणाल्या, “बगतो काय? लिही की आता.”

मी म्हटलं, “आप्पा, धाटाचा एक बैल करू का त्या खुंट्याला?”

“नगं. खेळन्यातला नगं. खरा आनू.”

गोष्ट मी चार दिवसांत लिहिली. बोर्ड पुढ्यात ठेवून. भांडण तसंच्या तसं राहिलं, एक शब्द बदलला नाही. फक्त शेवटी भांडून झाल्यावर तो माणूस पाचट बाजूला करतो आणि विकलेल्या बैलासाठी ठेवलेल्या दाव्यावरची धूळ झटकून ते परत गुंडाळून ठेवतो, एवढं घातलं. बीडला जाणाऱ्या एस्टीच्या कंडक्टरकडं पाकीट दिलं आणि त्याला तीनदा बजावलं. चौथ्यांदा तो म्हणाला, “आता तूच जा घेऊन.”

पुढचे दिवस मी काही कामाचा नव्हतो. मावशी आणि आप्पांचं भांडण दुसऱ्याच दिवशी परत सुरू झालं, पण जागेवरून नाही. आता विषय मावशींच्या गाईच्या गळ्यातल्या घंटेचा होता, तिच्या आवाजानं आमच्या बैलाची झोपमोड होते असा. जागेचा विषय परत कुणी काढला नाही. मावशींनी नेटची एक फाटकी कड ओढून गाईवर सावली करून घेतली, आणि ती ओढताना दुसरं टोक आप्पांनी धरलं होतं.

आषाढ संपायला दोन दिवस राहिले असतील. सकाळची वेळ, मी आणि आप्पा हौदावर बैलाला पाणी दाखवत होतो. कर्णा खरखरला.

“सर्व पशुपालकांना सूचित करण्यात येते की, सदर छावणीतील सदर लेखकाची सदर गोष्ट सदर संपादकांनी स्वीकारलेली आहे. तरी सर्वांनी नोंद घ्यावी.”

छावणीत एकच दंगा. “आरं, गप की रं!” “सकाळी सकाळी कावून बोंबलतो?” “ह्याला कुनी माईकपासून लांब ठिवा राव!” कुणाला वाटलं मीच बोलतोय. आप्पांनी पण तोंड उघडलं होतं शिवी द्यायला. मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं, कर्ण्याकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं.

“तू तर हितं हायस. मंग त्यो कोन बोलायलाय?”

मी पळालो. सेक्रेटरी माईकपुढं पाकीट धरून उभे, तोंड एवढंसं झालेलं. “बघ, तुझ्यापायी माझा आवाज कुणी खरा मानंना.” पत्रात पेन्सिलीनं तीन ओळी होत्या. ‘आता कळलं. छापतो. काही बदल असेल तर आठ दिवसांत कळवा.’

त्या संध्याकाळी आप्पा म्हणाले, “वाच म्हनं, काय लिवलंय ते.” मी वाचली. या वेळी कुणाचाही आवाज न काढता, माझ्याच आवाजात, तो मला जरा परका वाटत होता. मावशी गवऱ्या थापता थापता थांबल्या. शेवट झाला. आप्पा खाकरले.

“चांगलं हाय. पर बैल काळा कावून केला? आपला तांबडा व्हता.”

“काळा शब्द वाक्यात बरा बसत होता, आप्पा. गोष्टीत चालतं तेवढं.”

“गोष्टीत चालंल. पर उद्या त्यो परत आला आन इचारलं त्यानं, तर मी काय सांगू?”

मावशी म्हणाल्या, “बैल इचारनार हाय व्हय?”

“तुमची गाय वाचती, तर माजा बैल इचारनार न्हाई?”

सकाळी मी पोस्टकार्ड टाकलं. ‘महोदय, गोष्टीत एकच बदल आहे. बैल काळा नसून तांबडा आहे. कृपया तेवढं दुरुस्त करावं.’ संपादकांना वाटलं असेल, लेखक लई काटेकोर दिसतो. दिवाळीत अंक आला. पान उघडून आप्पांनी आधी गोष्ट नाही वाचली. बोट फिरवत फिरवत बैलापर्यंत आले, ‘तांबडा’ या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हां. आता खुशाल वाच.”